बोल्टच्या छिद्रातले पाणी

२०१८ च्या मे महिन्यातल्या एका दुपारी, ठाण्याहून मुलुंडला परतताना, टोलनाक्याच्या रांगेत माझ्या मारुती झेनच्या तापमानाचा काटा प्रथमच लाल पट्टीला जाऊन टेकला. गाडी १९९८ सालची, कार्ब्युरेटरची, ९९३ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची. २००९ मध्ये मी ती माझ्या पगारातून जुनी विकत घेतली होती आणि तेव्हापासून तिचे तेल, प्लग, बेल्ट, ब्रेकचे पॅड ही सगळी कामे मी स्वतःच करत आले होते. त्या दिवशी इंजिन बंद करून तासभर रस्त्याच्या कडेला थांबले, पाणी घातले आणि जपून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटरचे झाकण काढून इंजिन चालू केले, तर पाण्यातून सतत बुडबुडे येत होते, धुरांड्यातून पांढरा धूर निघत होता आणि तेलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट तपकिरी फेस जमला होता. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा झाकणासारखा भाग (हेड) आणि खालचा सिलिंडरांचा भाग (ब्लॉक) यांच्या सांध्यात बसणारी पातळ पट्टी, गेले असे समजायला हरकत नसते. तरीही मी दाबमापक आणून चारही सिलिंडरांतला दाब मोजला. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरात तो दर चौरस सेंटिमीटरला बारा किलोच्या आसपास होता, तर दुसऱ्या आणि तिसऱ्यात जेमतेम सहा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब असा सारखाच उतरतो, तेव्हा त्यांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळलेली असते.

नेहमीच्या गॅरेजमध्ये विचारले तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी सरळ सांगितले, "ताई, एवढ्या जुन्या इंजिनाचे हेड उघडण्यापेक्षा कुर्ल्याहून हाफ इंजिन आणून टाकू. बावीस हजारांत काम होईल." त्यांच्या सांगण्यात फसवणूक नव्हती. हाफ इंजिन म्हणजे हेडशिवायचा, इंजिनाचा खालचा भाग. परंतु माझ्या इंजिनाचा तो भाग, म्हणजे पिस्टन, क्रँक आणि बेअरिंगे, सगळे ठणठणीत आहे याची मला खात्री होती आणि एका पातळ पट्टीसाठी सबंध इंजिन बदलायचे हे मनाला पटत नव्हते. मी एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करते. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि स्प्रिंग काटे यांच्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. हेड उतरवून पुन्हा बसवणे हे मुख्यतः मापाचे काम आहे आणि माप मला कळते, अशी माझी धारणा होती. सोसायटीच्या सचिवांना भेटले, फरशीवर तेलाचा डाग पडू देणार नाही असे कबूल केले आणि इमारतीखालच्या पार्किंगमधला गटाराकडचा कोपरा तीन आठवड्यांसाठी मागून घेतला. त्या कोपऱ्यात फरशीला गटाराच्या दिशेने उतार आहे. तेव्हा त्या उताराकडे मी लक्ष दिले नाही. पुढे तो महत्त्वाचा ठरला.

तयारी मात्र मी मन लावून केली. नागदेवी स्ट्रीटवरून टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या पिळाला पोहोचल्यावर 'टक' असा आवाज देणारा पाना, विकत आणला. नवे हत्यार आहे म्हणून त्यावर विसंबून राहायचे नाही, ही प्रयोगशाळेतली सवय. तेव्हा पान्याचे टोक शिकंज्यात पकडले, दांडा आडवा ठेवला आणि टोकापासून बरोबर चाळीस सेंटिमीटरवर, मुठीच्या मध्याशी, दहा किलोचे प्रमाणित वजन टांगले. दहा किलो गुणिले ०.४ मीटर म्हणजे चार किलोग्रॅम-मीटर. पाना चारवर लावला होता आणि वजन पेलताच त्याने टक केले. वजने बदलून आणखी दोन ठिकाणी तपासले आणि प्रत्येक वेळी फरक चार टक्क्यांच्या आत आला. माझा पाना खरे बोलतो हे मला त्या दिवशी पक्के ठाऊक झाले, आणि ते खरेच होते. पुढे जे बिघडले त्यात पान्याचा दोष अजिबात नव्हता, म्हणूनच ते कळायला मला इतका वेळ लागला.

हेड उतरवण्याचे काम दोन दिवसांत झाले. बॅटरी सोडली, रेडिएटरच्या तळाची तोटी उघडून पाणी परातीत काढले आणि ते लगेच झाकणाच्या डब्यात भरून ठेवले, कारण कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि आमच्या आवारातली मांजरे ते चाटून मरू शकतात. कार्ब्युरेटरच्या प्रत्येक नळीला कागदी चिकटपट्टी लावून क्रमांक घातले. माझा भाचा त्या वेळी बारावीची परीक्षा देऊन मोकळा होता, तो प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढत होता. टायमिंग बेल्ट काढण्याआधी दोन्ही पुलींवरच्या खुणा जुळवून त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. हेडचे दहा बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरून आत या क्रमाने, तीन फेऱ्यांत थोडेथोडे ढिले केले. अॅल्युमिनियमचे हेड एका बाजूने एकदम मोकळे केले तर वाकते, म्हणून ही काळजी घ्यावी लागते.

आम्ही दोघांनी हेड सरळ वर उचलले आणि त्याच क्षणी ब्लॉकच्या माथ्यावर हिरवट पाणी पसरले. मी ते फडक्याने टिपले आणि फडके पिळून पुन्हा टिपले. रेडिएटर रिकामा केला म्हणजे इंजिनातले पाणी गेले, असे मी धरून चालले होते. तसे होत नाही. रेडिएटरची तोटी उघडल्यावर ब्लॉकमधले, सिलिंडरांभोवतीचे पाणी बऱ्याच अंशी तिथेच राहते. ते काढायला ब्लॉकच्या बाजूला वेगळा स्क्रू असतो आणि तो मी उघडला नव्हता. हेड उचलताना जी हालचाल झाली तिने ते पाणी माथ्यावर सांडले आणि माथ्यावरून जिथे उतार मिळाला तिथे ते गेले. बोल्टची दहाही छिद्रे ब्लॉकमध्ये खाली बंद आहेत, आरपार नाहीत. त्यांत गेलेले पाणी आपोआप कुठेही निघून जात नाही.

जुन्या गॅस्केटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरांमधली पट्टी काळी पडून तुटली होती, म्हणजे निदान बरोबर होते. हेडच्या तळावर पोलादी सरळ पट्टी उभी धरून खाली फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याची, पाती सरकवली तेव्हा मध्यभागी ०.१२ मिलिमीटरची फट निघाली. माझ्याजवळच्या दुरुस्ती पुस्तिकेत ०.०५ ची मर्यादा होती. हेड कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या मागच्या एका मशीनशॉपमध्ये फेसला, म्हणजे तळ घासून सपाट करायला, दिले. तिथले वयस्क कारागीर कमी बोलणारे होते. दोन दिवसांनी हेड परत देताना त्यांनी एवढेच विचारले, "भोके साफ केलीत ना?" मी हो म्हटले. मला वाटले, ते हेडमधले पाण्याचे आणि तेलाचे मार्ग म्हणत आहेत, आणि ते मी बारीक तारेने व फुंकणीने खरोखर स्वच्छ केले होते. ते विचारत होते बोल्टच्या छिद्रांबद्दल. त्यांच्यासारख्याला 'भोके' म्हटल्यावर दुसरे काही सुचण्याचे कारण नव्हते आणि माझ्यासारखीला बोल्टची छिद्रे ही साफ करण्याची गोष्ट आहे हेच माहीत नव्हते. हा प्रश्न मी आजवर अनेकदा मनात पुन्हा ऐकला आहे. मी उलट "कोणती भोके?" असे विचारले असते, तर पुढचा सगळा भाग लिहावाच लागला नसता.

घरी व्हॉल्व्ह घासून बसवले, ब्लॉकचा माथा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून रॉकेलच्या बोळ्याने पुसला आणि आरशासारखा केला. हे रॉकेलही थोडे छिद्रांत उतरले असणार. ऑपेरा हाऊसजवळच्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेले नवे गॅस्केट टाकले, हेड चढवले, बोल्टच्या आट्यांना तेलाचे बोट लावले आणि आतून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत, पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळले. दहाही बोल्टांवर पान्याने टक केले. भाच्याने प्रत्येक टकला वहीत एक खूण केली. सायंकाळी इंजिन पहिल्याच प्रयत्नात चालू झाले. वीस मिनिटे चालवून पाहिले, काटा मध्यावर स्थिर राहिला आणि बुडबुडे दिसले नाहीत. त्या रात्री मला जे समाधान वाटले ते मी नाकारणार नाही. हाताने केलेल्या कामाचे ते निखळ समाधान होते.

ते तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी भांडुपला जाऊन आल्यावर कूलंटच्या टाकीतले पाणी दोन बोटे खाली गेलेले दिसले आणि गिअरबॉक्सच्या बाजूच्या कोपऱ्यात, हेड व ब्लॉक यांच्या सांध्यावर, एक ओली रेघ होती. इंजिन थंड झाल्यावर त्या कोपऱ्यातल्या बोल्टांना पुन्हा पाना लावला. बोल्ट तसूभरही न हलता पान्याने टक केले. म्हणजे बोल्ट घट्ट आहेत, हेड सरळ आहे, तर दोष गॅस्केटचाच असला पाहिजे, असा मी निष्कर्ष काढला. हेड पुन्हा उतरवले. याही वेळी मी पाणी फक्त रेडिएटरमधूनच काढले.

ते गॅस्केट घेऊन मी ऑपेरा हाऊसच्या त्याच दुकानात गेले. दुकानदाराने ते उजेडात धरून बोटाने दाखवले की, पहिल्या तीन सिलिंडरांभोवतीच्या पोलादी कड्यांवर दाबाचा चकचकीत ठसा सलग उमटला आहे आणि चौथ्याच्या कोपऱ्याशी तो जवळजवळ नाही. "मॅडम, इथे दाब पडलाच नाही," असे तो म्हणाला. इतका स्पष्ट पुरावा हातात असताना मी तो चुकीचा वाचला. दाब पडला नाही म्हणजे ब्लॉक तिथे खचला असेल, असे समजून घरी येऊन ब्लॉकवर सरळ पट्टी धरली, तर फट ०.०३ मिलिमीटरच्या आत निघाली. ब्लॉक सपाट, हेड सपाट, बोल्ट घट्ट, मग दाब गेला कुठे? या प्रश्नापाशी मी थांबायला हवे होते. परंतु जूनचा दुसरा आठवडा उजाडला होता, पाऊस लागला होता, जोराची सर आली की पार्किंगच्या त्या कोपऱ्यात गटाराचे पाणी वर येते आणि सोसायटीने दिलेली मुदतही संपत आली होती. उत्तराशिवायच मी दुसरे नवे गॅस्केट टाकून हेड चढवले.

त्या रविवारी दुपारी पार्किंगमध्ये दिवा लावावा लागेल इतका अंधार होता. दोन टप्पे नीट झाले. तिसऱ्या टप्प्यात आठव्या क्रमांकाच्या, म्हणजे त्याच कोपऱ्यातल्या, बोल्टवर पान्याने टक केले आणि भाचा म्हणाला, "मावशी, या बोल्टखालचा वॉशर फिरतोय." मी वाकून पाहिले. खरोखरच नखाने ढकलला तरी वॉशर बोल्टच्या डोक्याखाली सरकत होता. पूर्ण पिळाला आवळलेल्या बोल्टखाली वॉशर हलूच शकत नाही. पाना सांगत होता की पीळ पूर्ण आहे आणि वॉशर सांगत होता की दाब शून्य आहे. दोन्ही साक्षी खऱ्या होत्या आणि त्या एकत्र खऱ्या कशा असू शकतील याचा विचार करणे, हे माझ्या पेशाचे काम होते. मी तो विचार केला नाही. मला वाटले, जुन्या आट्यांत कुठे तरी अडकते आहे, थोडा जोर लावला की सुटेल. टॉर्क पाना बाजूला ठेवला, साध्या दांड्यावर दोन फुटांचा पाइप चढवला आणि ओढले. बोल्ट अर्धा फेरा जड फिरला, आतून बारीक कट् असा आवाज आला आणि नंतर दांडा हातात एकदम हलका झाला.

बोल्ट बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमचे चकाकणारे वेटोळे गुंडाळलेले होते. ते ब्लॉकचे आटे होते. छिद्रात विजेरीचा झोत टाकला, तर आत खोलवर उजेड चमकून परत आला. तिथे पाणी होते.

पुढचा एक तास मी बाकीचे बोल्ट काढून, हेड उतरवून, प्रयोगशाळेतून आणलेल्या पिचकारीला बारीक नळी लावून दहाही छिद्रे उपसत होते. सहा छिद्रांत पाणी, तेल आणि रॉकेल यांचे दुधी मिश्रण निघाले, गटाराच्या उताराकडच्या चार छिद्रांत सर्वांत जास्त, आणि आठव्यात बोल्टच्या आट्यांना लागून वर आलेले धरून दीड मिलिलिटर. दीड मिलिलिटर म्हणजे चहाच्या चमच्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. परंतु बोल्ट पूर्ण खाली गेल्यावर त्याच्या टोकाखाली जेवढी पोकळी उरते तिच्यापेक्षा ते अधिक होते. द्रव पदार्थ दाबले जात नाहीत, ही गोष्ट मी दर वर्षी अकरावीच्या मुलांना पास्कलच्या नियमाच्या प्रयोगात हाताने करून दाखवते. बोल्ट हा दट्ट्या झाला होता आणि छिद्र हे सिलिंडर. तेल लावलेल्या आट्यांमधून पाण्याला बाहेर पडायला वाट फार थोडी होती. बोल्ट हेडला खाली दाबण्याऐवजी त्या थेंबांवर टेकून उभा होता आणि पाना मोजत होता तो त्या टेकण्याचा पीळ.

पाना हा फिरवण्याचा विरोध मोजतो, दाब मोजत नाही. स्वच्छ, योग्य तेल लावलेल्या बोल्टवरसुद्धा लावलेल्या पिळापैकी ढोबळमानाने नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो आणि दहाच टक्के बोल्ट ताणायला, म्हणजे दोन भाग एकमेकांवर दाबायला उरतो. पुस्तिकेतला आकडा आटे स्वच्छ आहेत आणि छिद्र रिकामे आहे असे गृहीत धरून दिलेला असतो. त्या गृहीतात गडबड झाली की तोच आकडा निरर्थक होतो. मी ज्या काळजीने पाना वजने टांगून तपासला त्याच्या शतांश काळजीने छिद्रात एक काडी घालून पाहिली असती, तर तिचे टोक ओले निघाले असते. मी हिशेबही करून पाहिला. सुमारे दहा मिलिमीटर व्यासाचा बोल्ट सहा किलोग्रॅम-मीटरच्या आसपास आवळला तर त्यात सुमारे तीन टनांचा ताण येतो. हा ताण पाण्यावर आला, तर छिद्राच्या भिंतींवर दर चौरस सेंटिमीटरला हजारो किलोचा दाब पडू शकतो. मी त्यावर आणखी पाइप लावून ओढले होते.

मशीनशॉपमधल्या त्या कारागिरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पाठीवर हत्यारांची पिशवी घेऊन लोकलने मुलुंडला आले. छिद्र पाहिल्यावर त्यांनी मला रागावून काही म्हटले नाही. "मी विचारले होते, ताई," एवढेच हळू आवाजात म्हणाले. त्यांनी केलेले काम मी फार लक्षपूर्वक पाहिले. शेजारच्या दोन छिद्रांत बोल्ट घालून त्यांवर एक जाड लोखंडी पाटी घट्ट बसवली. पाटीत आठव्या छिद्राच्या बरोबर वर एक भोक होते, जेणेकरून ड्रिल तिरके जाऊ नये. ड्रिलच्या खाचांत ग्रीस भरले, म्हणजे अॅल्युमिनियमचा कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो, सिलिंडरात पडत नाही. छिद्र मोठे केले, नव्या मापाचे आटे पाडले, प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर टॅप (आटे पाडायचे हत्यार) मागे फिरवत, आणि शेवटी पोलादी तारेचे स्प्रिंगसारखे वेटोळे, ज्याला हेलिकॉइल म्हणतात, ते आत पिळून बसवले. त्याच्या आतल्या बाजूला मूळ मापाचे आटे तयार होतात आणि ते अॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असतात. मग त्यांनी एका उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळला आणि दहाही छिद्रे एकेक करून तळापर्यंत पुसली. प्रत्येक वेळी कापूस उजेडात धरून पाहिला. नंतर प्रत्येक छिद्रात बोल्ट, हेड नसताना, नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहिला. कुठेही अडला नाही, तेव्हा म्हणाले, "आता चढवा." ही साधी परीक्षा कोणत्याही पुस्तिकेत मी वाचलेली नव्हती.

तिसऱ्या वेळी हेड मी त्यांच्यासमोर चढवले. वॉशर एकही हलला नाही. इंजिन चालू झाले, तापले, थंड झाले, पुन्हा तापले. सांध्यावर ओल नव्हती. मात्र दोन दिवसांनी सकाळी गाडीखाली रुपयाएवढा एक हिरवट डाग दिसला. इंजिन कोरडे पुसून त्या कोपऱ्यावर खडूची पूड फुंकली आणि इंजिन गरम केले. आठव्या बोल्टच्या खालच्या बाजूला, ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीवर, पांढऱ्या पुडीत नखाएवढ्या लांबीची एक ओली रेघ हळूहळू उमटली. पाइप ओढताना ऐकू आलेला तो कट् आवाज केवळ आटे सुटल्याचा नव्हता. पाण्याच्या दाबाने छिद्राच्या बाजूची भिंत पाण्याच्या कप्प्यापर्यंत तडकली होती. कारागिरांनी छायाचित्र पाहून सांगितले की, त्या पातळ जागी अॅल्युमिनियमची वेल्डिंग करायची तर संपूर्ण ब्लॉक उघडून बाहेर काढावा लागेल आणि तरीही ती टिकेल याचा भरवसा ते देणार नाहीत. बाजारात मिळणारा गळती बंद करणारा द्रव रेडिएटरमध्ये ओतावा, असेही एका परिचिताने सुचवले. ते मी केले नाही. असा द्रव भेगेबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो, आणि एक चूक झाकण्यासाठी दुसरा चांगला भाग खराब करायची माझी तयारी नव्हती.

अखेर जुलैमध्ये कुर्ल्याहून त्याच मॉडेलचे हाफ इंजिन आणले, जे करायला गॅरेजच्या मिस्त्रींनी मेमध्येच सांगितले होते. गॅस्केट, फेसिंग, हत्यारे, हेलिकॉइल, हाफ इंजिन आणि ते चढवण्याची मजुरी मिळून साडेएकतीस हजार रुपये झाले. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर असतो, त्यामुळे ब्लॉक बदलला की मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते. हाफ इंजिन घेणाऱ्याने विकणाऱ्याकडून पक्के बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रे आधी मागून घ्यावीत, कारण नंतर ती मिळवणे अवघड जाते. मी ती घेतली होती म्हणून वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात माझे काम दोन खेपांत झाले.

नवा ब्लॉक साखळी कप्पीने जागेवर बसवण्याचे काम मी मिस्त्रींकडे दिले, ते एकट्याने करण्याचे नाही. हेड मात्र मीच चढवीन असे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. गॅरेजच्या दारात पाऊस पडत होता. भाच्याने उदबत्तीच्या दहा काड्यांना कापूस गुंडाळून ठेवला होता आणि मी एकेक छिद्र तळापर्यंत पुसून काडी त्याच्याकडे देत होते. पाचवी आणि नववी काडी ओली निघाली. त्या दोन छिद्रांत पुन्हा नव्या काड्या घातल्या, नंतर सायकलच्या पंपाने हवा मारली आणि तिसऱ्यांदा पुसले. दहाही काड्या कोरड्या निघाल्यावर बोल्ट एकेक करून नुसत्या बोटांनी खाली फिरवले, आणि दहावाही अडथळ्याशिवाय तळाशी गेला, तेव्हा भाच्याला गॅस्केट द्यायला सांगितले.